आमचें चालतें घर

मागील सहामाहींत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें एक रंगीत चित्र आणून दाखविलें. तें चित्र एका मोठ्या मोटारीचें होतें. तिच्या पोटांत निजावयाच्या फळ्या, स्वयंपाकाची शेगडी, पाण्याची टांकी, आणि छपरावर उन्हापासून वीज तयार करणारी तबकडी, अशी सर्व सोय केलेली होती. अशा मोटारींत बायकामुलांसह महिनेच्या महिने प्रवास करणारीं कुटुंबें परदेशांत पुष्कळ आहेत. आणि आपल्या महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं अशा फिरत्या घरांस उत्तेजन देणारें पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. चित्र हातोहात साऱ्या वर्गांत फिरलें.

“सर, असल्या घरांत राहावयास किती मौज येत असेल! आपण कधीं राहिलां आहांत काय?” असें त्या विद्यार्थ्यानें विचारिलें. “राहिलों आहों, आमचें बालपण अशाच घरांत गेलें,” असें आम्हीं उत्तर दिलें. मुलांचे डोळे विस्फारले. तेव्हां आम्हांस पुढें सांगावें लागलें कीं, आमच्या घरास मोटार नव्हती, दोन बैल होते. आणि मौजेसाठीं आम्ही कधींच निघालों नाहीं. मुलें हंसलीं, आम्हीही हंसलों, आणि तास संपल्याची घंटा झाल्यामुळें विषय तेथेंच राहिला. वार्षिकासाठीं लेख देण्याविषयीं सूचना आली तेव्हां तो अपुरा विषय आठवला. त्या उत्तराचा राहिलेला भाग येथें लिहून देत आहों.

आमची वाडी नळदुर्गाच्या पूर्वेस, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडी आंत आहे. नळदुर्गाचा किल्ला वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. बोरी नदी त्या किल्ल्यांत अडवून धरिली आहे, आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटांतच पाणीमहाल बांधिलेला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ सालीं, हें काम झालें. पावसाळ्यांत नदी भरून आली म्हणजे नर आणि मादी या नांवाच्या दोन धारा भिंतीवरून खालीं कोसळतात, आणि त्या पाहण्यास लांबलांबचे लोक येतात. परंतु तें पाणी आमच्या शेतांस कधीं लागलें नाहीं. आमची जमीन मुरमाड व कोरडवाहू. पाऊस पडला तर ज्वारी व तूर पदरांत पडे. न पडला तर तेंही नाहीं. दिवाळीच्या सुमारास घरांतलें धान्य व हातांतलें काम ही दोन्हीं एकदमच संपत.

याच सुमारास पश्चिमेकडे मात्र कामाचा हंगाम सुरू होई. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें १९५० सालीं प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्यापाठोपाठ भीमा, नीरा, कृष्णा यांच्या कांठीं कारखान्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. ऊंस तोडल्यावर तो लवकर गाळावा लागतो. ठेवला तर वाळतो व त्यांतील साखर उतरते. म्हणून कारखान्यांस थोड्या महिन्यांपुरतीं हजारों माणसें एकदम लागतात. बीड, धाराशिव, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून तीं माणसें जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरितात. मुकादम पावसाळ्यांतच ‘उचल’ म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि ते पैसे हंगामभर तोडीनें व वाहतुकीनें फेडावयाचे असतात. आमचे वडील, ज्यांस आम्ही आबा म्हणत असूं, आणि आमची आई हीं अशा एका कोयत्याचीं दोन माणसें होतीं.

दसरा झाला कीं वाडींतल्या गाड्या निघण्याची तयारी होई. आमच्या माळवदाच्या घरांत आजी एकटी राही. नळदुर्गाजवळील मैलारपूर व अणदूर या दोन ठिकाणीं खंडोबाचीं देवळें असून मूर्ति एकच आहे. ती वर्षाचा बहुतेक काळ अणदुरास असते आणि पौषांतल्या यात्रेच्या सुमारास कांहीं आठवडे मैलारपुरास येऊन राहते. निघतांना आम्हांस रडें येऊं लागलें कीं आजी म्हणे, “द्येवालाबी दोन घरं हायती लेकरांनो, मंग आपल्याला आसली तर काय बिघडलं?” तेवढ्यानें आमचें समाधान होई. फरक एवढाच कीं, देवाच्या यात्रेस सारा मुलूख जमे, तेव्हां आम्ही शंभर मैलांवर उंसाच्या फडांत असूं.

आतां त्या घराचें वर्णन करितों. गाडी साधी लांकडी होती. दोन मोठीं चाकें, मध्यें लोखंडी आंस, वर साटा, आणि पुढें जूं. साट्यावर आबांनीं वेळूच्या चार कमानी बांधून त्यांवर ताडपत्री ताणली होती. आंत तळाशीं ज्वारीचीं पोतीं, त्यांवर वाकळा, आणि वाकळांवर आम्ही तीन भावंडें. आईची चूल म्हणजे तीन दगड. ते मुक्कामावर मिळत, म्हणून त्यांस जागा लागत नसे. जातें मात्र बरोबर असे, आणि तें नेहमीं आंसाच्या बरोबर वर ठेवीत, म्हणजे गाडी पुढें किंवा मागें झुकत नसे. साट्याखालीं दोरीनें टांगलेल्या टोपलींत कोंबड्या, तिच्या शेजारीं कंदील, आणि त्याच्या शेजारीं वंगणाचें नळकांडें. एरंडेल तेलांत भिजविलेल्या चिंध्या त्यांत असत. रोज संध्याकाळीं बैल सोडल्यावर आबा प्रथम बैलांस पाणी दाखवीत, मग चाकांस वंगण देत, आणि त्यानंतर स्वतः तोंड धूत. हा क्रम आम्हीं कधीं बदललेला पाहिला नाहीं.

वाडीपासून माळशिरस तालुक्यांतील उंसाच्या मुलुखापर्यंत सात-आठ दिवसांची वाट होती. बैल दिवसाकांठीं २० ते २५ किलोमीटर चालत. नळदुर्ग, अणदूर, इटकळ, बोरामणी करीत आम्ही सोलापुरास पोहोंचत असूं; तेथून मोहोळ, मग पंढरपूर, आणि चंद्रभागा ओलांडून पुढें. दहा-बारा गाड्यांची रांग असे. प्रत्येक गाडींतल्या एका मुलाकडे एक काम ठरलेलें असे. तें म्हणजे हातांत दगड घेऊन गाडीच्या मागून चालावयाचें, आणि चढावर बैल दम घेण्यास थांबले कीं लागलीच चाकामागें दगड लावावयाचा. दगड वेळेवर लागला नाहीं तर भरलेली गाडी मागें येते आणि बैलांस ओढून नेते. आमच्या गाडीचा दगड आमच्याकडे होता. सहा-सात वर्षांच्या मुलास आपल्यावांचून घर चालत नाहीं असें वाटण्यास याहून अधिक काय पाहिजे?

ज्यांचें घर एका जागीं उभें असतें त्यांस दुरुस्ती ही वर्षा-दोन वर्षांची गोष्ट वाटते. चालत्या घराची दुरुस्ती रोजची असते. लांकडी चाकाचें एक वैशिष्ट्य आहे. त्याचा तुंबा, आरे आणि परिघाचे तुकडे एकमेकांत बसविलेले असतात, आणि त्या सर्वांस वरून लोखंडी धांव आवळून धरिते. कोरड्या हवेंत लांकूड आखडतें, धांव सैल होते, आणि चाक खडखडूं लागतें. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं आबा चाकें काढून बोरीच्या पाण्यांत आडवीं ठेवीत. रात्रभर पाणी पिऊन लांकूड फुगे आणि धांव पुन्हां घट्ट बसे. सकाळीं आबा चाकास बोटानें ठोकून कान देत. आवाज भरींव आला म्हणजे निघावयाचें. पोकळ आला म्हणजे आणखी एक रात्र थांबावयाचें. ही परीक्षा आम्हांसही शिकविलेली होती.

तथापि १९८६ सालीं ही परीक्षा चुकली. मुकादमाची घाई होती, रांगेंतल्या इतर गाड्या तयार होत्या, आणि आबांनीं एक चाक पोकळ वाजत असतां जुंपणी केली. मोहोळ सोडल्यावर दिवेलागणीस त्याच चाकाची धांव निसटली आणि परिघाचा एक तुकडा फुटला. गाडी एका अंगास कलली. धाकट्या बहिणीस दोन दिवसांपासून ताप होता, आणि तिला लवकर मुक्कामावर न्यावें म्हणूनच आबा त्या दिवशीं अधिक चालले होते. आई तिला घेऊन रस्त्याच्या कडेस बसली. आबा कांहीं बोलले नाहींत. फुटलेला तुकडा हातांत घेऊन उभे राहिले. पुढच्या दहा गाड्या हळूहळू थांबल्या, आणि एकेक करून मागें वळल्या. रांगेंतल्या एका गाडीचें चाक मोडलें तर बाकीच्यांनीं पुढें जावयाचें नाहीं, असा नियम होता. तो कोठें लिहिलेला नव्हता, पण मुकादमाच्या घाईपेक्षां त्याचें वजन अधिक होतें. त्या रात्रीं दहा चुली आमच्या गाडीभोंवतीं पेटल्या, आणि बहिणीसाठीं कोणी सुंठ, कोणी गूळ, कोणी घोंगडी आणून दिली.

पहाटे एक पुरुषमाणूस अर्ध्या कोसावर उतरलेल्या घिसाड्यांस बोलावून घेऊन आला. घिसाडी हे फिरते लोहार. त्यांचेंही घर आमच्यासारखेंच वाटेवरचें, आणि भाताही त्या घराबरोबर फिरे. आमच्या रांगेंत सुतारकाम जाणणारे एक गृहस्थ होते. त्यांनीं बाभळीचा तुकडा तासून परिघांत बसविला. मग घिसाड्यानें धांव तोडून बोटभर आंखूड केली व सांधली. त्याची बायको घण मारीत होती आणि तो सांडशींत लोखंड धरून फिरवीत होता. त्यानंतर त्यानें गोवऱ्यांचें कडें रचून त्यांत धांव लाल होईपर्यंत तापविली, सर्वांनीं मिळून ती चाकावर बसविली, आणि लगेच घागरींनीं पाणी ओतलें. लांकडांतून धूर निघाला, वाफ झाली, आणि थंड होतां होतां लोखंडानें चाक असें आवळलें कीं सर्व सांधे कडकड वाजले. तापविल्यानें धातु प्रसरण पावतात व निवविल्यानें आकुंचन पावतात, हा धडा पुढें शाळेंत आम्हांस शिकविण्यांत आला, तेव्हां आमच्या नाकांत त्या जळक्या बाभळीचा वास आला. घिसाड्यानें मजुरी म्हणून पायलीभर ज्वारी घेतली. बहिणीचा ताप दुपारीं उतरला. आबा मात्र त्या दिवसापासून कोणाच्या घाईनें निघाले नाहींत.

पुढच्या वर्षीं आबांनीं लांकडी चाकांस रजा दिली. त्या काळीं उंसाच्या वाहतुकींत रबरी टायरच्या गाड्या पुष्कळ वापरूं लागले होते. जुन्या मोटारीचा आंस व चाकें घेऊन त्यांवर लांकडी किंवा लोखंडी साटा बसवीत. अशा चाकांत गोळ्यांचीं बेअरिंगें असल्यामुळें घर्षण कमी होतें, आणि रुंद टायर शेताच्या मऊ मातींत रुतत नाहीं. लांकडी गाडीवर पाऊण टन ऊंस भरला तरी बैल वांकत. टायरगाडीवर दीड-दोन टन जाई. तोडणी-वाहतुकीची मजुरी टनावर मिळत असल्यामुळें हा हिशेब सर्वांस पटे. आबांनीं मोठी उचल घेऊन एक जुनी टायरगाडी घेतली.

आम्हां मुलांस तर राजवाडाच मिळाल्यासारखें झालें. साटा लांब व रुंद होता. आबांनीं कमानींची उंची वाढविली, त्यामुळें आईस आंत बसून पोळी लाटतां येऊं लागली. साट्याखालीं भांड्यांसाठीं कडीकोयंड्याची पेटी बसविली. बाजूच्या फळीस बिजागऱ्या लावून ती आडवी सोडतां येईल अशी केली. दिवसां ती ऊंस अडविण्यास लागे आणि रात्रीं आमचा पलंग होई. खडखड नाहींशी झाल्यामुळें धाकटीं भावंडें वाटेंत निजूं लागलीं. चित्रांतल्या मोटारीचा मालक आपल्या घरांत नवी शेगडी बसवितांना जितका सुखावत असेल, तितक्याच सुखानें आमची आई ती पेटी उघडी व लावी.

परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर एक नवें देणें येतें, हें आमच्या हळूहळू ध्यानांत आलें. लांकडी चाकाचा उपाय नदींत होता. पंक्चर झालेल्या टायरचा उपाय विकतचा होता. ट्यूब काढून पाण्यांत धरावी, बुडबुडे येतील तेथें खूण करावी, कानसीनें घांसून सोल्यूशन लावावें, आणि ठिगळ दाबून बसवावें, हें सर्व आम्ही नवव्या वर्षीं शिकलों; पण सोल्यूशनची नळी संपली म्हणजे शहर गांठावें लागे. दुसरें देणें बैलांनीं दिलें. गाडीवर दुप्पट ऊंस जातो असें पाहिल्यावर तो दुप्पट भरला जाऊं लागला, आणि कारखान्याच्या कांट्यापुढें रात्र-रात्र जुंपलेलें उभें राहून आमच्या ढवळ्याच्या मानेस चांदी पडली. आई हळद व तेल लावी, पण जूं पुन्हां त्याच जागीं बसे. तिसरें देणें वहींत होतें. त्या हंगामांत उचल फिटली नाहीं. बाकी पुढील वर्षावर गेली, आणि तिच्याबरोबर आम्हीही त्याच मुकादमाकडे बांधले गेलों. चौथें देणें आमच्या स्वतःचें होतें, पण तें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. जूनमध्यें आमचें नांव शाळेच्या पटावर चढे, आणि दसऱ्यानंतर आम्ही नाहींसे होत असूं. तीन वर्षें झालीं तरी आम्हांस जोडाक्षरें वाचतां येत नव्हतीं.

१९८८ सालचा दसरा झाला. गाडी भरून झाल्यावर आबा तिच्याभोंवतीं फिरून पाहूं लागले. ढवळ्याची मान अजून पुरती भरली नव्हती. “गाडीला वझं जड हुतंय. कायतरी उतरवाया पायजे,” असें ते म्हणाले. आईनें जातें उतरविलें. आबांनीं मान हलविली. तिनें एक पोतें कमी केलें. तरीही ते हलले नाहींत. मग त्यांनीं आमच्याकडे पाहून म्हटलें, “तू उतर.” आम्ही उतरलों. आम्हांस वाटलें, नेहमींप्रमाणें दगड घेऊन मागून चालावयाचें असेल. तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, नळदुर्गाच्या शाळेंतील गुरुजींस ते आदल्या दिवशीं भेटून आले होते, आणि येथून पुढें आम्ही आजीजवळ राहावयाचें होतें.

नऊ वर्षांच्या मुलाचें वजन तें काय! दीड टन ओढणाऱ्या बैलांस तें कळलेंही नसतें. परंतु हा विचार करण्याचें वय आमचें नव्हतें. जातें परत गाडींत चढलें, पोतेंही चढलें, आणि आम्ही मात्र खालीं राहिलों, एवढेंच आम्हीं पाहिलें. नळदुर्गाजवळच्या वळणाच्या चढापर्यंत आम्ही दगड घेऊन मागून चाललों. चढावर बैल थांबले, आणि आम्हीं दगड लावला. दम घेऊन बैल पुन्हां निघाले, माथ्यावर गेले, आणि तेथें गाडी थांबली नाहीं. ज्या बहिणीस मोहोळच्या वाटेवर ताप आला होता ती मागच्या फळीवर बसून आमच्याकडे पाहत होती. पुढच्या चढावर दगड कोण लावील, हा विचार आम्हांस कितीतरी रात्रीं झोंपूं देत नव्हता. तो तिनेंच लावला. आमच्या जागीं ती चालली आणि तिची शाळा सुटली, हें येथें लिहिलें नाहीं तर हा लेख खोटा होईल.

आमच्या मनांत आबांविषयीं कांहीं वर्षें राग राहिला. तो कसा गेला तें सांगून लेख पुरा करितों. १९९३ सालच्या अनंत चतुर्दशीस, म्हणजे २९ सप्टेंबर रोजीं, गांवोगांव गणपति बोळविण्यांत आले, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं झोंपेंतच गेलीं. औसा व उमरगा तालुक्यांत गांवेंच्या गांवें भुईसपाट झालीं. त्या मानानें आमच्या वाडीवर दया झाली. कोणी दगावलें नाहीं. परंतु आमच्या माळवदाच्या दोन भिंतींस वरपासून खालपर्यंत तडे गेले, आणि आंत निजण्याची कोणाची छाती होईना. पुढें पाऊसही आला. तेव्हां अंगणांत उभी असलेली ती टायरगाडी आम्हां सर्वांचें घर झाली. आजी, शेजारच्या तीन घरांतल्या बायका व लहान मुलें साट्यावर ताडपत्रीखालीं निजत, आणि पुरुषमंडळी साट्याखालीं. जमीन पुन्हां पुन्हां हलत होती. गाडीही तिच्याबरोबर थोडी हले व थांबे. दगडाचीं घरें पडलीं असतां चाकावरचें घर मात्र उभें आहे, हें पाहून आजी म्हणाली, “ह्याला हलायची सवंच हाय.”

दिवाळी जवळ आली. उचल घेतलेली होती, ती घरांत खर्चही झाली होती, आणि मुकादमाचा निरोप आला. गाडी न्यावी तर आजी व आम्ही निजणार कोठें, आणि न न्यावी तर देणें फिटणार कसें? आम्ही त्या वर्षीं नववींत होतों. पहांटेस ठोकाठोक ऐकूं आली म्हणून उठून पाहतों तों आबा गाडीवरच्या कमानी सोडवीत होते. त्यांनीं अंगणांत भिंतींपासून लांब चार मेढी रोवल्या, त्यांवर त्याच कमानी बांधिल्या, आणि त्यांवर तीच ताडपत्री ताणली. आईची पेटीही काढून आंत ठेविली. तींत आमचीं पुस्तकें राहिलीं. उजाडल्यावर आई, आबा व दोन्हीं भावंडें उघड्या साट्यावर बसून निघालीं. थंडीचे दिवस होते. घराचें छप्पर त्यांनीं आमच्यासाठीं ठेविलें आणि चाकें तेवढीं स्वतः नेलीं.

आम्ही त्या दिवशीं पुन्हां चढापर्यंत गेलों व दगड लावला. पांच वर्षांपूर्वीं आबांनीं गाडींतून काय उतरविलें होतें आणि कशासाठीं, हें त्या वेळीं प्रथम कळलें. त्या ताडपत्रीखालीं कंदिलाच्या उजेडांत आम्हीं नववीचा व पुढें दहावीचा अभ्यास केला.

गाडीची हकीकत आतां थोडकीच राहिली आहे. ढवळ्या म्हातारपणीं आमच्याच गोठ्यांत गेला. पुढें वाहतूक ट्रॅक्टरांकडे गेली, आणि आतां कांहीं फडांत तोडणीही यंत्रानें होते. आबांनीं चाकें व आंस विकून शेवटची बाकी फेडली. साट्याच्या फळ्यांचा माच करून तो आमच्या ओट्यावर ठेविला आहे. त्यावर ते संध्याकाळीं बसतात. बहीण पुढें प्रौढ वयांत वाचावयास शिकली, आणि हा लेख छापून आला म्हणजे प्रथम तिच्या हातीं जाणार आहे. यांत कांहीं चुकीचें लिहिलें असेल तर ती सांगेल.

आजही दिवाळीच्या सुमारास सोलापूरच्या रस्त्यानें ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या पश्चिमेकडे जातात. त्यांत भांडीं, वाकळा, कोंबड्या व मुलें असतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० सालीं अमलांत आला, कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या, आणि २०२१ सालीं ऊंसतोड कामगारांच्या मुलांसाठीं शासकीय वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली. या गोष्टी चांगल्या आहेत. तथापि कोणतें ओझें उतरवावयाचें व कोणास उतरवावयाचें, हा निर्णय अजून गाडीजवळ उभ्या असलेल्या आईबापांसच करावा लागतो. आणि बहुतेक घरांत त्याची किंमत एका भावंडासाठीं दुसरें भावंड देतें. पालकांनीं मुलगी व मुलगा असा भेद न करितां तो निर्णय करावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.

आणि ज्या विद्यार्थ्यानें तें चित्र आणिलें होतें त्यास आमचा आशीर्वाद आहे कीं, त्याच्या कुटुंबास असें सुंदर घर मिळो व तीं सर्व देश पाहोत. मात्र निघण्यापूर्वीं चाकास एकदां बोटानें ठोकून पाहावें, कोणाच्या घाईनें निघूं नये, आणि वाटेंत कोणाचें चाक मोडलेलें दिसलें तर थांबावें.